तिसऱ्या बाकावरची अलिशिबा

खाम नदीपल्याडच्या ख्रिस्ती मंडळीत प्रीतीचा तुटवडा असा कधी नव्हताच. दर रविवारी उपासना सुटली की माणसं दारात थांबून एकमेकांचे हात हातात घ्यायची, "जय ख्रिस्त" म्हणायची, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्यायची, चहाबरोबर बिस्किटं फिरवायची. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावच 'प्रीतीबंध' होतं. सकाळी सहापासून त्यावर कबुतरं, गुलाब आणि उगवता सूर्य यायला लागायचे. अलिशिबा खरात हिला या सगळ्याचा संताप यायचा. तिचा फोन साधा, बटणांचा होता. पण उपासनेला शेजारी बसणारी बाई आपल्या फोनवर कौतुकानं तो ग्रुप दाखवायची, आणि अलिशिबाचा अख्खा दिवस नासायचा.

अलिशिबा साठीची, बुटकी आणि दंडानं भक्कम. औरंगपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहात तिनं अठ्ठावीस वर्षं आयाचं काम केलं होतं. या शहरातली निम्मी तरणी पोरं आधी मी पाहिली आणि मग त्यांच्या आयांनी, असं ती म्हणायची, आणि ते फार खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईसुद्धा तिच्या तोंडाला लागत नसत. कळा देणाऱ्या बाईला ती एका बाजूनं शिव्या हासडायची आणि दुसऱ्या बाजूनं तासन्‌तास तिची कंबर चोळत बसायची. तिच्या तोंडाचा आणि हातांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. बाळंतीण घरी जाताना मात्र शोधत यायची ती अलिशिबालाच.

मंडळीत ती तिसऱ्या बाकावर, अगदी कडेला बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकर आणि प्याला देण्याआधी पाळकसाहेब एक जुनी सूचना वाचायचे, की ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं आधी समेट करावा आणि मगच पुढं यावं, तोवर जागेवर बसून राहावं. ही सूचना ऐकून कुणीही बसून राहत नसे. ज्या दोन भावांची बांधावरून कोर्टात तारीख चालू होती, तेही एकामागं एक उठून पुढं जायचे. बसून राहायची ती एकटी अलिशिबा. बाकाच्या कडेलाच बसलेली असल्यामुळं बाकीच्यांना तिच्या गुडघ्यांना घासून बाहेर पडावं लागायचं. साडी सावरत, "जरा हं" म्हणत बायका जायच्या आणि तोंडातला घास गिळत परत यायच्या. असं एकोणीस वर्षं चाललं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा पुंजाराम मेला. पुंजाराम रंगारी होता. हात चांगला होता त्याचा. दर नाताळाच्या आधी देवळाची, म्हणजे चर्चची, भिंत आणि लोखंडी फाटक तो आपणहून रंगवायचा. मग दारूनं त्याला धरलं आणि नाताळाचं रंगकाम सोडलं तर शेवटची दोन वर्षं तो देवळाकडं फिरकला नाही. मे महिन्यात तो गेला. पेटी खांद्यावर घेऊन माणसं देवळाच्या फाटकाशी आली, तर आत मंडळीचे सेक्रेटरी काकासाहेब साळवे हातात कुलूप घेऊन उभे.

"दारूत मेलेल्याची पेटी आत येणार नाही," ते म्हणाले होते. "मंडळीला काही शिस्त हाय का नाय? काय प्रार्थना करायची ती इथंच करा."

त्या वेळचे पाळक परगावी होते. दुसरं कुणी तोंड उघडलं नाही. खांदेकऱ्यांनी पेटी फाटकाबाहेर धुळीत ठेवून दिली. "खाली नका ठेवू, माणूस हाय त्यात," असं अलिशिबा दोनदा म्हणाली, पण माणसं सावली शोधण्यात गुंतली होती. चाळीस मिनिटं ती पेटी उन्हात होती. माशा येत होत्या आणि ती पदरानं वारत होती. फाटकाचा हिरवा रंग पुंजारामनंच पाच महिन्यांआधी, नाताळाला, थरथरत्या हातानं दिलेला होता. त्या वर्षी तेवढं एकच काम त्यानं शुद्धीत राहून केलं होतं.

त्यानंतर काकासाहेब सतरा वर्षं सेक्रेटरी राहिले. पहिल्या रविवारी प्याल्यांचा ट्रे घेऊन ते तिसऱ्या बाकाशेजारून जायचे, आणि तिथून जाताना त्यांची नजर नेमकी खिडकीकडं वळायची. अलिशिबा त्यांच्याकडं टक लावून बघत राहायची. तिला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता, 'चुकलो'. बाकी काही नको होतं. तो शब्द मिळाला असता तर ती त्याच दिवशी उठून पुढं गेली असती. पण काकासाहेबांनी तो उच्चारला नाही, आणि मग एके दिवशी त्यांना लकवा मारला.

आजाऱ्यांना भेटायला मंडळीनं 'प्रीतीभेट' नावाचा कार्यक्रम काढला होता. नवा सेक्रेटरी विश्वजीत, हा तिशीतला, हौशी गडी, रिक्षा ठरवायचा, चार बायका घ्यायचा, केळी-सफरचंदं घ्यायचा आणि एका दुपारी तीन घरं उरकायचा. एकदा एक बाई कमी पडली म्हणून त्यानं अलिशिबाला रिक्षात बसवलं. तिसरं घर आलं तेव्हा तिला कळलं की ते काकासाहेबांचं आहे.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली आणि बाहेर पायरीवर बसली.

आत गाणं झालं, प्रार्थना सुरू झाली. आणि पायरीवर तिला तो वास आला. उदबत्ती लावलेली होती, कुणीतरी सेंटही मारलं होतं, पण अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या नाकाला कोण फसवणार? माणसाचं मांस अंगावरच कुजायला लागलं की असा वास येतो. ती ताडकन उठली आणि आत गेली. सगळे डोळे मिटून उभे होते. विश्वजीत काकासाहेबांच्या 'संपूर्ण आरोग्यासाठी' देवाचे आभार मानत होता. अलिशिबानं सरळ पलंगापाशी जाऊन चादर उचलली आणि काकासाहेबांना कुशीवर लोटलं. कंबरेखाली तळहाताएवढी जखम होती आणि तिच्यात काळं पडलं होतं.

"आमेन मागनं म्हणा," ती म्हणाली. "आधी डॉक्टरला फोन लावा. आन्‌ पाणी ठेवा कुणीतरी गरम. डोळे मिटून किती दिवस येताय रं तुमी इथं?"

तीन महिने येत होते. तीन महिन्यांत टोपलीभर केळी आली, बारा फोटो निघाले आणि पाठ कुणीही बघितली नव्हती. काकासाहेबांची बायको सारजाबाई सत्तरीची, काडीसारखी. तिला नवरा हलायचा नाही. मुलगा पुण्याला. तो फोनवर रडायचा.

"मला उचलंना, बाई," सारजाबाई रडत म्हणाली. "अन्‌ सांगायची लाज वाटायची. एवढी चांगली माणसं येत्यात, त्यांना काय चादर वर करून दाखवू?"

डॉक्टर आले, त्यांनी मेलेलं मांस काढलं, औषधं लिहून दिली आणि सांगितलं, की याला दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माणूस जाईल. विश्वजीत म्हणाला, आपण मंडळीत यादी करू. यादी झाली. यादीतली पहिली बाई एकदा येऊन गेली आणि दुसरीच्या घरी पाहुणे आले.

अलिशिबा यादीत नव्हती. ती रोज यायला लागली.

भावसिंगपुऱ्याहून सकाळी रिक्षा, संध्याकाळी परत रिक्षा. शहागंजातून कापूस, पट्ट्या, जुन्या सुती धोतरांचे तुकडे ती बांधून आणायची. मंडळीचं कॅलेंडर भिंतीवर होतं. ते तिनं उलटं करून टांगलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनानं वेळा लिहिल्या, सातला डावी, नऊला पाठ, अकराला उजवी. मधल्या वेळांना एक जोडी हात कमी पडायचे, म्हणून समोरच्या घरातली जैतुनबी यायला लागली. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. दारातून ही ओढाताण दिसली आणि ती चप्पल काढून आत आली, एवढंच. "मैं पाँव पकडती, तुम कंधा लेव," म्हणाली आणि त्या दिवसापासून अकराची पाळी तिची झाली. तिनं फोटो काढला नाही आणि केळीही आणली नाहीत.

आणि हे सगळं करताना अलिशिबाचं तोंड चालूच.

"उचला कंबर, सेक्रेटरी. उचला. फाटक लावायला लई ताकद व्हती अंगात, आता कंबर उचलंना व्हय?"

सारजाबाई कानावर पदर घ्यायची. काकासाहेब छताकडं बघत राहायचे. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती, आणि बोलता येणाऱ्या हजारो शब्दांतून त्यांच्यापाशी एकच शिल्लक राहिला होता, 'बरं'. दुखलं तरी बरं, तहान लागली तरी बरं, मुलाचा फोन आला तरी बरं.

एकदा जखम धुताना तिनं हात थांबवला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "पुंजारामच्या येळी चुकलं का नाय तुमचं? एवढंच सांगा मला."

"बरं," काकासाहेब म्हणाले.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. हातातला बोळा तिनं भांड्यात आपटला आणि मागच्या मोरीत जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षं या माणसाला धडधाकट जीभ होती. त्या जिभेनं त्यानं भाषणं केली, वार्षिक अहवाल वाचले, लग्नांत आशीर्वाद दिले. आणि तिचा शब्द द्यायची वेळ आली तर देवानं नेमकी जीभच काढून घेतली. तिला देवाचाही राग आला, आणि तो तिनं मोरीत उभ्या उभ्या त्याला ऐकवला. मग परत आत येऊन राहिलेली जखम धुतली, कारण ती उघडी पडली होती.

"देव तुझं भलं करो, बाई," सारजाबाई म्हणाली. "किती माया करतीस यांच्यावर."

"माया बिया काय नाय," अलिशिबा म्हणाली. "मला हा माणूस डोळ्यापुढं नको वाटतो. तुमी त्या पट्टीचं टोक धरा."

हे ती लटकं बोलत नव्हती. येताना रिक्षात रोज तिचं मन कडू व्हायचं. आपण कुणाला फसवतोय, असं तिला वाटायचं. मनात प्रीतीचा थेंब नाही आणि हात मात्र चाललेत, याला ढोंग नाही तर काय म्हणायचं? त्या बाकीच्यांचं निदान तोंड गोड तरी होतं.

दोन महिन्यांत जखम भरत आली. खाली लाल, ताजं मांस दिसायला लागलं. काकासाहेबांना लाकडी खुर्चीत उशा लावून तासभर बसवता येऊ लागलं. आणि मग एका सकाळी शेजारच्या बाईनं अलिशिबाला फोन दाखवला. 'प्रीतीबंध'वर खुर्चीतल्या काकासाहेबांचा फोटो होता. शेजारी विश्वजीत हसत उभा, हातात सफरचंद. खाली लिहिलं होतं की मंडळीच्या प्रीतीसेवेमुळं आदरणीय काकासाहेबांच्या प्रकृतीत सुधारणा. त्याखाली नव्वद जणांनी हात जोडले होते.

त्या रविवारी प्रवचन प्रीतीवरच झालं, आणि महिन्याचा पहिला रविवार असल्यानं पाठोपाठ प्रभुभोजन. सूचना वाचली गेली, माणसं उठली. तिच्या गुडघ्यांवरून जाताना एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजली, तेवढं नेमकं तिला ऐकू आलं.

"एवढं करतीया त्यांचं, पण मन बघ, अजून दगडासारखं."

अलिशिबानं त्या बाईचा पाय तुडवला नाही, हा त्या दिवशीचा तिचा सगळ्यात मोठा संयम होता.

जे आजारी आहेत त्यांना पाळकसाहेब त्याच दिवशी दुपारी घरी जाऊन भाकर देतात. हे पाळकसाहेब जालन्याकडचे, तरुण, दोन वर्षांपूर्वी आलेले. जुन्या गोष्टी त्यांना कुणी सांगितल्या नव्हत्या. ते, विश्वजीत आणि दोन बायका असे सगळे काकासाहेबांकडं आले तेव्हा अलिशिबा मागं मोरीत फडकी पिळत होती. कार्यक्रम होईपर्यंत बाहेर यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

पुढच्या खोलीत स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं. काकासाहेब खुर्चीत. पाळकसाहेबांनी सूचना वाचली, सारजाबाईला भाकर दिली, बायकांना दिली, मग वाकून काकासाहेबांच्या ओठांशी तुकडा नेला.

काकासाहेबांनी तोंड मिटून घेतलं.

पाळकसाहेबांनी पुन्हा प्रयत्न केला. काकासाहेबांनी मान फिरवली.

"गिळता येत नसंल," विश्वजीत हळूच म्हणाला. "नुसता ओठाला लावा, साहेब."

मोरीतून अलिशिबाला हे ऐकवलं नाही. "गिळतात ते," ती तिथूनच ओरडली. "सकाळी वाटीभर खिमट खाल्लंय." पदराला हात पुसत ती बाहेर आली, तिचा नेहमीचा चमचा घेऊन. तुकडा तिनं प्याल्यातल्या द्राक्षरसात भिजवला आणि चमचा पुढं केला. "करा आ. नखरे कशाला?"

काकासाहेबांनी दात घट्ट आवळले. मग त्यांनी डावा हात उचलला. त्यांनी तो अलिशिबाकडं केला, मग आपल्याच छातीवर ठेवला आणि भाकरीकडं बघून नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तिच्याकडं, पुन्हा छातीवर, पुन्हा नाही.

"काय म्हणत्यात?" एका बाईनं विचारलं.

कुणालाच कळलं नाही. अलिशिबाला कळलं. हा माणूस सतरा वर्षं ट्रे घेऊन तिच्या शेजारून गेला होता आणि दर वेळी खिडकीकडं बघत असला तरी ती उठलेली नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्याच्या मनात काही आहे त्यानं बसून राहायचं, ही सूचना त्यालाही पाठ होती. आज तो बसून राहिला होता. जिभेनं देता येईना तो शब्द तो मिटल्या तोंडानं देत होता.

तिला रडू यायला हवं होतं. तिला राग आला.

"आत्ता व्हय?" ती म्हणाली. "तोंड व्हतं तवा नाय सुचलं, आत्ता सुचलं तुमाला? चाळीस मिन्टं ठिवला त्याला फाटकाबाहेर. मे महिन्यात. माशा वारत व्हते मी. त्या फाटकाला रंग त्यानंच दिला व्हता, सेक्रेटरी, तुमी बघितलं व्हतं त्याला रंग देताना."

पाळकसाहेब एकदम सरळ उभे राहिले. विश्वजीत भिंतीकडं बघायला लागला. त्या दोघी बायकांनी माना खाली घातल्या, कारण त्या दिवशी फाटकाशी त्याही होत्या.

"बरं," काकासाहेब म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहून वाकड्या ओठात जात होतं.

"बरं नाय," अलिशिबा म्हणाली. "लई वाईट केलं तुमी."

काकासाहेबांनी मान हलवली. हो म्हणून. पुन्हा हलवली, आणि हलवतच राहिले, शेवटी सारजाबाईनं त्यांचं डोकं धरलं.

तिनं चमचा पुन्हा पुढं केला. तोंड मिटलेलंच.

"म्हंजे मी घेतल्याबिगर तुमी घ्यायचं नाय, असं व्हय?"

मान हलली.

"माझा राग गेलेला नाय, सांगून ठिवते." ती पाळकसाहेबांकडं वळली. "साहेब, मनात राग असताना चालतं का हे?"

पाळकसाहेबांनी हातातल्या पुस्तकाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या उलट्या कॅलेंडरकडं बघितलं. "इथं तुम्ही किती वेळा येता?" त्यांनी विचारलं.

"रोज. दोन टाइम."

"मग मला नका विचारू, मावशी," ते म्हणाले आणि त्यांनी भाकरीचं ताट तिच्यापुढं धरलं.

तिनं तुकडा घेतला. बोटांना डेटॉलचा वास होता. एकोणीस वर्षांनी तोंडात गेलेली भाकर कोरडी होती आणि घशात अडकली, पण गिळली तिनं. आत काही हललं नाही, राग होता तिथंच होता. तरी तिला आज पहिल्यांदा आपण कुणाला फसवत नाही असं वाटलं. मग चमचा पुढं झाला आणि काकासाहेबांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. ओघळलेला रस तिनं पदरानं पुसला, जरा जोरातच.

विश्वजीतचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडं गेला होता.

"त्यो खिशातच ठेव," ती म्हणाली. "तीन वाजले. कूस बदलायची येळ झाली. यांना पलंगावर न्यायचंय. त्या चादरीचं टोक धर."

विश्वजीतनं बायकांकडं बघितलं. बायकांनी त्याच्याकडं बघितलं नाही. दुसरं टोक पाळकसाहेबांनी आधीच धरलं होतं. मग विश्वजीत पुढं आला, नाक वर करून, दोन बोटांच्या चिमटीत त्यानं चादर पकडली. आंघोळ अजून व्हायची होती आणि वास येत होता.

"तसं नाय," अलिशिबा म्हणाली. तिनं त्याचा हात मनगटाला धरून खाली आणला आणि चादर त्याच्या मुठीत कोंबली. "दोन्ही हातांनी धर. माणूस हाय त्यात."